बॉटम ब्रॅकेट, सायकलचा : न जुळणारे आटे

बॉटम ब्रॅकेट म्हणजे सायकलच्या फ्रेममध्ये सीटची नळी, खालची नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे आडवा बसणारा भाग. दुकानात त्याला नुसते 'बीबी' म्हणतात. फ्रेमला जोडलेले आडवे नळकांडे म्हणजे बीबी शेल. शेलच्या दोन्ही तोंडांना आतून आटे पाडलेले असतात आणि त्यांत एकेक कप आवळला जातो. कपांत छर्रे आणि छऱ्यांवर एक्सल फिरतो. साध्या काळ्या सायकलीत दर बाजूला पाव इंची 11 छर्रे लागतात. नवा कप दोन-तीन फेरे सरळ जाऊन अडला, किंवा उलट डुगडुगत राहिला, तर बहुतेक वेळा कप आणि शेल यांचे आटे वेगवेगळ्या जातींचे असतात. गोव्यातील पेडणे व डिचोली तालुक्यांत जुन्या सायकली दुरुस्त करताना ही अडचण येण्यामागे थोडा इतिहास आहे आणि बराचसा पाऊस.

जगभर सर्वाधिक चालणारा प्रकार इंग्रजी किंवा बीएसए. त्याचा व्यास 1.37 इंच, म्हणजे 34.8 मिलिमीटर असतो. इंचाला 24 आटे आणि शेलची रुंदी 68 किंवा 73 मिलिमीटर. यात उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. एक्सल ज्या दिशेने फिरतो तिच्या विरुद्ध दिशेला कप कणाकणाने सरकू पाहतो. उजवीकडे सुलटे आटे दिले तर तो चालता चालता सुटू शकतो. हे ठाऊक नसलेला माणूस उजवा कप सोडवायचा म्हणून नेहमीच्या दिशेने पाना मारतो, तेव्हा तो कप अधिकच आवळतो. मग पान्याला नळी लावून जोर केला जातो आणि आटे मरतात. अशा बिघाडाला जुळत नसलेला सुटा भाग कारण नसतो. फक्त दिशा चुकलेली असते.

इटालियन प्रकारात व्यास 36 मिलिमीटर, इंचाला 24 आटे, शेल 70 मिलिमीटरचा आणि दोन्ही बाजू सुलट्या. जुना फ्रेंच प्रकार 35 मिलिमीटर व्यासाचा, 1 मिलिमीटर पिचचा (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर). त्यातही दोन्ही बाजू सुलट्या. स्विस प्रकाराची मापे फ्रेंचसारखीच, पण उजवी बाजू उलटी. खरा घोळ मात्र रॅलेचा. नॉटिंगहॅमच्या या कारखान्याने आपल्या अनेक सायकलींना 1⅜ इंच (34.93 मिलिमीटर) व्यास व इंचाला 26 आटे असे स्वतःचे माप ठेवले. शेल 71 किंवा 76 मिलिमीटरचा. व्यासातला फरक मिलिमीटरच्या दशांशाहून किंचित जास्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. अर्ध्या इंचात मात्र एकीकडे 12 आटे बसतात आणि दुसरीकडे 13. त्यामुळे बीएसए कप रॅलेच्या शेलमध्ये सुरुवातीला हाताने फिरतो आणि पाव इंचाच्या आतच जाम होतो. इथे ताकद लावली की शेल कायमचा बाद.

गोव्यात या जाती एकत्र आल्या त्या सीमेमुळे. डिसेंबर 1961 पर्यंत पेडण्यातील पत्रादेवीचा नाका ही दोन देशांमधली सीमा होती आणि 1955 पासून तर भारताकडून येणेजाणेच जवळजवळ बंद होते. पोर्तुगीज अमलातली सायकल युरोपात बनलेली असणे त्यामुळे स्वाभाविक होते. मुक्तीनंतर लुधियाना, सोनीपत व मद्रास इथला माल आला आणि त्याचेच सुटे भाग जुन्या फ्रेममध्ये बसवले जाऊ लागले. फ्रेमवरच्या नावावरून माप ठरवू नये. 'हर्क्युलस' हे नाव बर्मिंगहॅमच्या सायकलीवर होते आणि 1949 साली स्थापन झालेल्या टीआय सायकल्सच्या मद्रासी सायकलीवरही. बर्मिंगहॅमचा तो धंदा 1960 मध्ये रॅलेशी जोडला गेला, म्हणजे एकाच नावाखाली तीन कुळे. हम्बर आणि रज यांसारखी जुनी नावेही रॅलेने आपल्याकडे घेतली होती.

बाकीचे काम हवा-पाणी करते. पावसाचे पाणी सीटच्या नळीतून उतरून शेलमध्ये साचते. डिचोलीत शिरगाव, मये या भागातली खनिजाची लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ती छऱ्यांना घासकागदासारखी खाते. मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यावर खारी हवा कप शेलमध्ये गंजवून ठेवते. पहाटे आणि संध्याकाळी भोंगा वाजवत पावाची टोपली घेऊन फिरणाऱ्या पोदेराची सायकल तर रोज वजनाखाली चालते. तिचा बीबी लवकर खिळखिळा होणारच.

माप घेण्याची साधी रीत अशी. जुना कप काढून रॉकेलने धुवावा, ब्रशने आटे साफ करावेत. मग जुना आणि नवा कप शेजारी धरून एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत रुतवावेत आणि उजेडाकडे धरून पाहावे. फट दिसली नाही तर पिच एकच. सुरुवातीला बसून पुढे उजेड झिरपायला लागला तर 24 आणि 26 ची गाठ पडली आहे. व्यास व शेलची रुंदी व्हर्निअरने मोजावी. कप आधी हाताने निदान तीन-चार फेरे जायला हवा, पाना त्यानंतर.

जुने कप आतून गुळगुळीत असतील तर ते बदलूच नयेत. छर्रे आणि जुळत्या लांबीचा एक्सल नवा घालावा. हा सर्वांत स्वस्त उपाय आणि रॅलेच्या फ्रेमला बहुधा सर्वांत चांगलाही. 26 च्या शेलमध्ये आटे पाडणारा 24 चा टॅप फिरवता येतो, पण जुन्या आट्यांचे अवशेष राहतात, पकड कमी मिळते आणि जास्तीची रुंदी घासून काढावी लागते. त्यासाठी उलट-सुलट टॅपची जोडी हवी, ती एकाच दांड्यावर सरळ रेषेत चालणारी. एरवीच्या टर्नरकडे ती नसते. आटे पार मेले असतील तर शेल मोठा करून इटालियन आटे पाडतात. मात्र उजवी बाजू सुलटी झाल्याने ती पुढे ढिली पडू शकते, म्हणून आटे जोडून धरणारे रसायन लावून ती घट्ट आवळावी लागते. आट्यांवर अवलंबून नसलेला, आवळल्यावर आतून फुगून शेलला धरणारा बीबीही मिळतो. शेल आतून फार झिजलेला वा वाकडा नसेल तर तो चालतो आणि फ्रेम कापावी लागत नाही. कपाला वेल्डिंगचे टाके मारणे मात्र टाळावे: पुढच्या पावसाळ्यानंतर तो कप निघणार नाही.

आजच्या बहुतेक गिअरच्या सायकलींत बंद काडतुसासारखा बीबी असतो आणि तो बीएसए मापाचाच येतो. कपावर उजव्या-डाव्या बाजूची खूण व बाण कोरलेला असतो. तो साधारण 50 ते 70 न्यूटन-मीटर जोराने आवळतात. काही महागड्या फ्रेममध्ये आटेच नसतात, बेअरिंग दाबून बसवलेले असते. अशी सायकल दुकानात आली तर टॅप शोधू नये.