गोदाकाठची यात्रा

नांदेडचं सगळं माहात्म्य गोदावरीचं. १७०८ साली गुरू गोविंदसिंग या काठावर आले. इथेच मठ करून राहणाऱ्या बैरागी माधोदासाला त्यांनी शीख पंथात घेतलं. तोच पुढे बंदासिंग बहादूर झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवून गुरूंनी नांदेडातच देह ठेवला.

तेव्हापासून पंजाबची वाट मराठवाड्याला जोडली गेली. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथला गुरुद्वारा उभारला, तेही निजामाच्या मुलखात! परक्या राज्यात, इतक्या लांबवर केलेलं हे काम थोरच म्हणायला हवं. गाभाऱ्यासाठी गोदावरीचं पाणी घागरीतून आणण्याची रीत आजही चालू आहे.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग आला आणि यात्रा सोपी झाली. आता सचखंड एक्सप्रेस थेट अमृतसरहून येते. २००८ साली गुरुता गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी इथेच झाली.

मराठवाड्याचा उन्हाळा कडक असतो, म्हणून नांदेडला हिवाळ्यात यावं. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकावं, चपला बाहेर काढाव्यात. लंगरची पंगत सर्वांना खुली आहे. पुढे लातूरकडे जाणाऱ्यांनी वाटेत कंधारचा किल्ला चुकवू नये.