जस्ताच्या लोशनपासून नॅनोकणांपर्यंत

घामोळ्यांवर तुम्ही लावता ते गुलाबी कॅलामाइन म्हणजे मुख्यतः जस्ताचे ऑक्साइड. धातूंच्या अशा ऑक्साइडमधून नवे अँटिबायोटिक मिळेल का, हा शोध जुना आहे. १९८५ मध्ये जपानच्या मात्सुनागा व सहकाऱ्यांनी दाखवले, की प्लॅटिनम लावलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांवर प्रकाश पडला की ई. कोलाय जीवाणू मरतात. पुढे जस्त, तांबे यांच्या ऑक्साइडचे नॅनोकण तपासले गेले. ते जीवाणूचे आवरण फोडतात, आतली यंत्रणाही बिघडवतात. पण प्रयोगशाळेतल्या बशीत जीवाणू मारणे वेगळे आणि रुग्णाला बरे करणे वेगळे. हेच कण आपल्या पेशींनाही इजा करू शकतात. म्हणून त्यांची गोळी अजून तुमच्या हाती आलेली नाही. तोवर आहेत ती अँटिबायोटिक्स जपा. साध्या सर्दीसाठी ती मागू नका.