जन्मवजन, जनुके आणि हृदयताल

जन्मवेळचे वजन आणि प्रौढपणी उद्भवणारे हृदयतालाचे विकार, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन, यांचा काही संबंध आहे का, हा येथील प्रश्न आहे. या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे, म्हणजे अलिंदांचे, आकुंचन विस्कळीत होते आणि नाडी अनियमित पडते. डाव्या अलिंदात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो.

कमी वजनाच्या बाळांना पुढे हृदयविकाराचा धोका अधिक, हा विचार डेव्हिड बार्कर यांनी इंग्लंडमधील हर्टफर्डशरच्या जुन्या जन्मनोंदींवरून १९८९ मध्ये पुढे आणला. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या रोगाविषयी होता. तालाच्या बाबतीत कल बराचसा उलट दिसतो. अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ स्टडी’मध्ये (२०१०) जन्मतः वजनदार असलेल्या स्त्रियांत फिब्रिलेशन अधिक आढळले. मात्र प्रौढपणची उंची हिशेबात धरताच हा संबंध बराच फिका पडला. उंच माणसाचे अलिंद सहसा मोठे असते आणि मोठ्या कप्प्यात विद्युत्‌लहरींना भोवऱ्यासारखे फिरत राहायला वाव मिळतो. काही पाहण्यांत कमी वजनाच्या गटातही धोका वाढलेला दिसला आहे, त्यामुळे एकच सरळ नियम सांगता येत नाही.

जन्मवजन आणि पुढचे आजार या दोन्हींवर परिणाम करणाऱ्या आहार, गरिबी, आईचे आजार यांचा गुंता सोडवण्यासाठी संशोधक जनुकांकडे वळले. आईवडिलांकडून कोणती जनुकरूपे मिळणार हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. पुढची परिस्थिती ती बदलू शकत नाही. जन्मवजन वाढवणाऱ्या जनुकरूपांवर आधारलेल्या विश्लेषणांतही जास्त वजनाकडून फिब्रिलेशनकडे जाणारा दुवा दिसला. तरी ही पद्धत निर्दोष नाही. आईची जनुके गर्भाशयातील साखरेमार्फत वजन बदलतात, बाळाची स्वतःची जनुके इन्सुलिनमार्फत. ग्लुकोकायनेज जनुकातील दोष आईत असल्यास बाळ जड होते, तोच केवळ बाळात असल्यास हलके. ही झाली वजनाशी निगडित जनुके. फिब्रिलेशनशी सर्वाधिक निगडित ठरलेला जनुकभाग मात्र २००७ मध्ये आइसलँडमधील संशोधनातून पुढे आला. तो पीआयटीएक्स-२ जनुकाजवळ आहे आणि हे जनुक गर्भात हृदयाची डावी-उजवी बाजू ठरवण्यात भाग घेते.

हा पुरावा मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या अभ्यासात परिसरातील खेड्यांतल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, शिवाय वजनाच्या मानाने त्यांच्यात चरबी अधिक होती. अशा बाळांना युरोपीय आकडे जसेच्या तसे लावणे चूक ठरेल.