चौकच्या किल्ल्याची वंशावळ

लोक त्याला कर्जतचा एन. डी. स्टुडिओ म्हणतात. प्रत्यक्षात तो खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या हातनोलीला आहे. नितीन चंद्रकांत देसाई यांनी तो 2005 साली उभारला. 2008 साली पडद्यावर आलेल्या 'जोधा अकबर'साठी आग्र्याच्या किल्ल्याची प्रतिकृती इथेच उभी राहिली. 'राजा शिवछत्रपती' मालिकेसाठी रायगडही इथे बांधला गेला, आणि खरा रायगड तर याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे.

अशा तटाला जवळ जाऊन हात लावावा. आत लाकडाची चौकट, तिच्यावर प्लाय, प्लायवर साच्यातून काढलेले पीओपीचे चिरे. पीओपी फुटू नये म्हणून मागून काथ्या किंवा गोणपाट दाबलेलं असतं. मग रंगारी येतो. सांध्यांत काळपट रंग भरतो, चिऱ्याच्या कडेवर कोरड्या ब्रशने उजळ हात फिरवतो, पायाशी शेवाळी छटा सोडतो. बोटाने ठोकलं तर पोकळ आवाज येतो, पण कॅमेऱ्याला तिथे तीनशे-चारशे वर्षांचा दगड दिसतो. हे कसब आलं कुठून?

माग काढत गेलं की वाट कोल्हापूरला पोचते. आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री हे नात्यातले भाऊ संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. त्यातूनच त्यांना पेंटर हे आडनाव चिकटलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 मध्ये 'सैरंध्री' आणला. पडदे रंगवलेल्या या माणसानेच सिनेमातून रंगवलेला पडदा हटवला आणि त्याच्या जागी लांबी, रुंदी, खोली असलेला सेट उभा केला. 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला. भिंतीला खोली आली आणि प्रकाशाने तिला सावली दिली. आपल्याकडच्या पडद्यावरचे किल्ले इथून सुरू होतात.

बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल आणि शांताराम 1929 मध्ये बाहेर पडले आणि 'प्रभात' फिल्म कंपनी जन्मली. 1933 मध्ये ती पुण्याला आली. साहेबमामा फत्तेलाल हे तिचे कलादिग्दर्शक. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'ला 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. त्याच व्हेनिसने 1951 मध्ये जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या 'राशोमोन'ला सर्वोच्च पुरस्कार दिला. त्या चित्रपटाचा प्राण आहे पावसात भिजणारी, अर्धी ढासळलेली वेस, आणि ती वेस म्हणजे बांधलेला सेट! कुरोसावाही तरुणपणी चित्रकारच व्हायला निघाले होते. पुढे 'रान'साठी त्यांनी फुजी पर्वताच्या उतारावर अख्खा किल्ला उभा केला आणि एका प्रसंगासाठी तो पेटवून दिला.

आपली परंपरा पुण्या-कोल्हापुरातून मुंबईकडे सरकली. चित्रकार एम. आर. आचरेकरांनी 'आवारा'चं कलादिग्दर्शन केलं. जे. जे.त शिकलेले नितीन देसाई 1987 च्या सुमारास गोरेगावच्या चित्रनगरीत पोचले आणि 'तमस'च्या वेळी बंगालच्या नितीश रॉय यांच्या हाताखाली राबले. म्हणजे ही वंशावळ रक्ताची नाही आणि एका गावाची तर नाहीच. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे जाते, आणि त्यात बंगालचा हातही मिसळतो. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' या चार चित्रपटांसाठी देसाईंना कलादिग्दर्शनाचे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'लगान'चं चंपानेर त्यांनी भुजजवळ माळरानावर वसवलं होतं.

2011 मध्ये देसाई 'बालगंधर्व'चे निर्माते झाले. दिग्दर्शक रवी जाधव, भूमिका सुबोध भावे यांची, आणि आवाजासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार. ज्या संगीत रंगभूमीचे पडदे रंगवून बाबूराव पेंटर घडले, तिचंच वैभव एका कलादिग्दर्शकाने पुन्हा पडद्यावर आणलं. कोल्हापूरच्या घराण्याचं ऋण याहून चांगलं कसं फेडणार?

2 ऑगस्ट 2023 रोजी देसाईंनी याच स्टुडिओत आपलं जीवन संपवलं. मागे राहिले ते त्यांचे सेट. पण सेट हा मुळात तात्पुरताच असतो, आणि खालापूरचा पाऊस पीओपीला दयामाया दाखवत नाही. बाबूरावांच्या सेटपैकी काही उरलेलं नाही. त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रतीही हरवल्या. जपानमध्ये मात्र तोएई या चित्रपट कंपनीने 1975 मध्ये क्योटोतल्या आपल्या स्टुडिओचा एक भाग लोकांसाठी खुला केला. तिथे जुन्या जपानी वस्तीचे सेट आजही पाहता येतात, आणि त्यांच्यात चित्रीकरणही होतं.

आपण भिंती टिकवू शकलो नाही तरी विद्या टिकवता येईल. देसाईंची रेखाटनं, सेटचे नकाशे, छोटी मॉडेल्स आणि साचे एकत्र करून त्यांचं संग्रहालय व्हायला हवं. चौक, खालापूर, कर्जतच्या मुलांना सुतारकाम, साचेकाम आणि रंगकाम शिकवणारी एक शाळा त्याच आवारात चालू शकते. पुण्यात 'प्रभात'च्या जागेवर चित्रपटशिक्षणाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, म्हणून ती वास्तू आजही जिवंत आहे. हातनोलीलाही तसं भाग्य मिळालं पाहिजे. त्यासाठी राज्य शासनाने, चित्रपटसृष्टीने आणि रायगडकरांनी आताच पुढे यायला हवं.