माजी सैनिक आणि त्यांचा डॉक्टर : अमेरिकेतील माजी सैनिक आरोग्यसेवेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

युद्धाचा इतिहास लिहिताना लढाया, सेनापती आणि तह यांचा विचार प्रामुख्याने केला जातो. युद्ध संपल्यानंतर घरी परतलेल्या सैनिकाच्या शरीराचे व मनाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात बराच काळ दुय्यम राहिला. अमेरिकेची संयुक्त संस्थाने हे या संदर्भात अभ्यासण्याजोगे उदाहरण होय. तेथे माजी सैनिकांसाठी शासनाने स्वतंत्र रुग्णालये उभारली, स्वतःचे डॉक्टर नेमले आणि कालांतराने देशातील सर्वांत मोठी एकसंध आरोग्यव्यवस्था निर्माण केली. आज सुमारे ९० लाख माजी सैनिक या व्यवस्थेत नोंदलेले आहेत.

या व्यवस्थेचा इतिहास सामान्यतः कायदे, इमारती आणि अंदाजपत्रके यांच्या आधारे मांडला जातो. तथापि, तिच्या दारात आलेल्या सैनिकाचा प्रश्न साधा होता : आपल्याला चांगला डॉक्टर मिळेल काय, आणि तो पुढच्या भेटीतही तोच असेल काय? या प्रश्नाच्या दृष्टीने व्यवस्थेतील प्रमुख वळणांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. प्रत्येक सुधारणेने आधीची उणीव भरून काढली, परंतु त्याच वेळी डॉक्टर आणि सैनिक यांच्या संबंधात नवी अडचण निर्माण केली, असे या आढाव्यातून दिसून येते.

आश्रयगृहाकडून रुग्णालयाकडे :

यादवी युद्धाच्या अखेरीस, मार्च १८६५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी अपंग स्वयंसैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृह स्थापन करण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्यातील पहिले आश्रयगृह १८६६ मध्ये मेन राज्यातील टोगस येथे सुरू झाले. निवारा, अन्न आणि शिस्त हे या संस्थांचे मुख्य कार्य होते. वैद्यकीय उपचार हे निवासाला जोडून येत. डॉक्टर हा आश्रयगृहाच्या कर्मचारीवर्गाचा एक भाग होता.

पहिल्या महायुद्धाने हे चित्र बदलले. विषारी वायू, क्षय आणि मानसिक आघात यांनी ग्रासलेल्या सैनिकांना केवळ आसरा पुरेसा नव्हता. १९२१ मध्ये व्हेटरन्स ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. परंतु तिचे पहिले संचालक चार्ल्स फोर्ब्स यांच्यावर भ्रष्टाचाराचा खटला चालून त्यांना शिक्षा झाली. पुढे जुलै १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी माजी सैनिकांशी संबंधित निरनिराळी खाती एकत्र करून व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनची स्थापना केली. त्या वेळी या प्रशासनाकडे ५४ रुग्णालये होती.

टस्कीगी : डॉक्टर कोण असावा?

या काळातील एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. दक्षिणेतील राज्यांत वर्णभेद इतका तीव्र होता, की कृष्णवर्णीय सैनिकांना इतर रुग्णालयांत योग्य उपचार मिळणे कठीण होते. त्यांच्यासाठी १९२३ मध्ये अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे स्वतंत्र रुग्णालय सुरू करण्यात आले. मात्र तेथे डॉक्टर कोणत्या वर्णाचे असावेत, यावरून लगेच संघर्ष उभा राहिला. स्थानिक गौरवर्णीयांना रुग्णालयावर आपले नियंत्रण हवे होते. टस्कीगी संस्थेचे प्राचार्य रॉबर्ट मोटन आणि कृष्णवर्णीयांच्या संघटना यांनी कृष्णवर्णीय डॉक्टरांचा आग्रह धरला. मोटन यांना धमक्या आल्या आणि जुलै १९२३ मध्ये कू क्लक्स क्लॅनने तेथे मोर्चा काढला. तरीही माघार घेतली गेली नाही. १९२४ मध्ये डॉ. जोसेफ वॉर्ड या कृष्णवर्णीय डॉक्टरांकडे रुग्णालयाची सूत्रे आली.

चांगला डॉक्टर म्हणजे केवळ पदवीधर डॉक्टर नव्हे, हे या संघर्षावरून स्पष्ट होते. ज्याच्यासमोर रुग्ण निःसंकोचपणे बोलू शकतो आणि जो त्याला माणूस म्हणून वागवतो, असा डॉक्टर मिळणे हा सैनिकांच्या दृष्टीने सन्मानाचाही प्रश्न होता. व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशनच्या रुग्णालयांतील वर्णविभाजन पुढे १९५४ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपुष्टात आले.

१९४६ ची सुधारणा : विद्वान डॉक्टर, बदलते चेहरे :

दुसऱ्या महायुद्धानंतर लक्षावधी सैनिक एकाच वेळी घरी परतले. रुग्णालयांची अवस्था मात्र चिंताजनक होती. अनेक रुग्णालये शहरांपासून आणि वैद्यकीय महाविद्यालयांपासून दूर होती. डॉक्टरांची नेमणूक नागरी सेवेच्या नियमांनुसार होत असल्याने ती संथ होती आणि गुणी तरुण डॉक्टर तिकडे वळत नसत. १९४५ मध्ये नियतकालिकांतून या रुग्णालयांवर कठोर टीका झाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी जनरल ओमर ब्रॅडली यांना प्रशासनाचे प्रमुख नेमले. ब्रॅडली यांनी युरोपच्या युद्धभूमीवरील मुख्य शल्यचिकित्सक पॉल हॉली यांना सोबत घेतले.

३ जानेवारी १९४६ रोजी संमत झालेल्या कायद्याने वैद्यक व शल्यचिकित्सा विभाग स्थापन झाला आणि डॉक्टरांच्या नेमणुका नागरी सेवेच्या चौकटीतून बाहेर आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस धोरण-परिपत्रक क्रमांक २ निघाले. रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न करावीत, अधिष्ठात्यांच्या समितीने प्रशिक्षणाची जबाबदारी घ्यावी, मात्र रुग्णसेवेची जबाबदारी प्रशासनाकडेच राहावी, अशी ही योजना होती. या कल्पनेमागे शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अस्थिशल्यचिकित्सक पॉल मॅग्नुसन यांचा मोठा वाटा होता. नवी रुग्णालये राजकीय सोयीपेक्षा वैद्यकीय महाविद्यालयांच्या जवळ असावीत, या भूमिकेवरून त्यांचे पुढे प्रशासनप्रमुखांशी मतभेद झाले आणि १९५१ मध्ये त्यांना मुख्य वैद्यकीय संचालकपदावरून दूर करण्यात आले.

या सुधारणेची फळे मोठी होती. डॉ. एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली या रुग्णालयांत झालेल्या आणि १९६७ व १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी उच्च रक्तदाबावरील उपचारांचे महत्त्व सिद्ध केले. ब्राँक्स येथील रोझलिन यॅलो आणि न्यू ऑर्लिन्स येथील अँड्र्यू शॅली यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतील बहुसंख्य डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा काही भाग या रुग्णालयांत होऊ लागला.

तथापि, याच रचनेत एक उणीव दडलेली होती. प्रशिक्षणार्थी निवासी डॉक्टर ठरावीक काळाने पुढच्या विभागात किंवा दुसऱ्या रुग्णालयात जात असे. रुग्णाने आपली हकिकत एकाला सांगावी, त्याने ती समजून घ्यावी आणि पुढच्या खेपेस समोर नवा चेहरा असावा, हे नित्याचे झाले. कागद तेवढा टिकत होता. ओळख टिकत नव्हती.

व्हिएतनाम युद्ध आणि विश्वासाचा प्रश्न :

व्हिएतनाम युद्धानंतर ही उणीव अधिक तीव्रतेने जाणवली. १९७० मध्ये ‘लाइफ’ या नियतकालिकाने एका रुग्णालयातील जखमी सैनिकांची दुरवस्था छायाचित्रांसह देशासमोर मांडली. त्याहून खोल प्रश्न मानसिक जखमांचा होता. भयस्वप्ने, अचानक येणारा संताप, निद्रानाश या तक्रारींना तेव्हाच्या वैद्यकीय वर्गीकरणात निश्चित नाव नव्हते. त्यामुळे अनेक सैनिक रुग्णालयाऐवजी एकमेकांकडे वळले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सैनिकांची चर्चामंडळे सुरू झाली आणि रॉबर्ट लिफ्टन व चाइम शाटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत सहभागी झाले. तेथे डॉक्टर सांगणारा कमी आणि ऐकणारा अधिक होता.

या अनुभवाची शासनाला दखल घ्यावी लागली. १९७९ मध्ये व्हेट सेंटर ही समुपदेशन केंद्रे सुरू झाली. ती हेतुपुरस्सर रुग्णालयांपासून वेगळी, वस्तीत ठेवण्यात आली आणि तेथील कर्मचाऱ्यांत माजी सैनिकांचा मोठा भरणा होता. पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात अधिकृत स्थान मिळाले. रुग्णांनी आधी बोलावे आणि वैद्यकशास्त्राने नंतर ऐकावे, असा हा क्रम होता.

‘माझा डॉक्टर’ : १९९५ नंतरचे परिवर्तन :

१९९४ मध्ये आरोग्य विभागाच्या प्रमुखपदी आलेल्या डॉ. केनेथ कायझर यांनी व्यवस्थेची दिशा बदलली. तोवर तिचे केंद्र खाट हे होते. बाह्यरुग्ण उपचारांवर कायद्याची बंधने असल्याने साध्या कारणांसाठीही रुग्णाला दाखल करून घेतले जाई. १९९५ मध्ये देशाची २२ सेवाजाळ्यांत विभागणी झाली. १९९६ च्या पात्रता-सुधारणा कायद्याने बाह्यरुग्ण सेवेची बंधने सैल केली. खाटा मोठ्या प्रमाणावर कमी झाल्या, वस्त्यांत शेकडो छोटे दवाखाने निघाले आणि प्रत्येक रुग्णाला एक निश्चित प्राथमिक डॉक्टर नेमून देण्याचे धोरण आले. संगणकीय रुग्णनोंदींमुळे एका शहरातील डॉक्टरला दुसऱ्या शहरातील उपचार पाहता येऊ लागले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, २००० सालच्या १३ गुणवत्ता-निकषांपैकी १२ निकषांवर ही व्यवस्था वृद्धांसाठीच्या मेडिकेअर योजनेपेक्षा सरस ठरली.

२०१० पासून या धोरणाला चमूचे रूप मिळाले. डॉक्टर, परिचारिका, साहाय्यक आणि कार्यालयीन कर्मचारी असा छोटा गट सुमारे १२०० रुग्णांची जबाबदारी घेऊ लागला. डॉक्टर रजेवर असला तरी रुग्णाला ओळखणारी परिचारिका दूरध्वनीवर भेटे. हे या रचनेचे खरे सामर्थ्य होते.

मात्र निश्चित डॉक्टर म्हणजे निश्चित रांग. डॉक्टरांची पदे रिकामी राहिली की रांग लांबत जाई. २०१४ मध्ये फिनिक्स येथील रुग्णालयात प्रतीक्षेचा खरा काळ लपवण्यासाठी अनधिकृत याद्या ठेवल्याचे उघड झाले. इतरत्रही तसेच प्रकार आढळले आणि खात्याचे सचिव एरिक शिनसेकी यांना राजीनामा द्यावा लागला. ऑगस्ट २०१४ च्या कायद्याने ३० दिवसांहून अधिक प्रतीक्षा किंवा ४० मैलांहून अधिक अंतर असल्यास बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्याची मुभा दिली. २०१८ च्या मिशन कायद्याने ही मुभा आणखी रुंदावली. सैनिक आणि त्याचा डॉक्टर या दोघांच्या मते बाहेरचा उपचार हिताचा असेल तर तोही एक आधार मानण्यात आला. दोघांच्या सहमतीला कायद्यात असे स्थान मिळणे महत्त्वाचे आहे.

परंतु बाहेर जाणे म्हणजे लवकर बरे होणे, असे समीकरण मांडता येत नाही. २०१९ च्या एका अभ्यासानुसार १५ महानगरांच्या परिसरात २०१७ मध्ये या व्यवस्थेतील सरासरी प्रतीक्षा १७.७ दिवस, तर खासगी क्षेत्रातील २९.८ दिवस होती. शिवाय बाहेरच्या डॉक्टरला सैनिकाची पूर्वनोंद आणि सेवाकाळ यांची माहिती असेलच असे नाही.

सैनिकाची भूमिका :

या इतिहासाचा दुसरा धागा रुग्णाच्या सहभागाचा आहे. कोठे, कधी आणि कोणत्या कामावर सेवा केली, कोणत्या पदार्थांशी संपर्क आला, हे प्रश्न विचारण्यासाठी प्रशिक्षणार्थी डॉक्टरांना खिशात मावणारे कार्ड देण्यात आले. १९९१ चा एजंट ऑरेंज कायदा आणि जळत्या कचऱ्याच्या खड्ड्यांतील धुराची दखल घेणारा २०२२ चा पॅक्ट कायदा यांमुळे या उत्तरांना वैद्यकीय महत्त्वाबरोबर कायदेशीर महत्त्वही आले. सैनिकाने न विचारताही आपला सेवाकाळ सांगावा, हे त्यामुळे त्याच्याच हिताचे ठरते.

२००३ मध्ये सुरू झालेल्या ‘माय हेल्दीव्हेट’ या सेवेने नोंदी रुग्णाच्या हाती दिल्या आणि जानेवारी २०१३ पासून डॉक्टरांची टिपणेही त्याला वाचता येऊ लागली. चुकीची नोंद दाखवून देणे, औषधांची यादी तपासणे आणि डॉक्टरला संदेश पाठवणे शक्य झाले. संबंध जुळत नसल्यास डॉक्टर बदलून मागता येतो आणि तक्रारीसाठी रुग्णालयात रुग्ण-प्रतिनिधी असतो. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो : भरपाईसाठी तपासणी करणारा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर यांची कामे वेगळी आहेत. पहिला अपंगत्वाचे मोजमाप करतो, तर दुसरा रुग्णासोबत पुढची वाट चालतो. या दोहोंची गल्लत झाल्यास सैनिक उपचार करणाऱ्या डॉक्टरकडेही संशयाने पाहू लागतो.

निष्कर्ष :

१. १९४६ च्या सुधारणेने डॉक्टरांची गुणवत्ता वाढवली, परंतु सातत्य दिले नाही.

२. १९९५ नंतरच्या परिवर्तनाने सातत्य दिले, परंतु पुरेशा डॉक्टरांअभावी ते प्रतीक्षेत अडकले.

३. २०१४ व २०१८ च्या कायद्यांनी निवडीचा अधिकार दिला. मात्र त्यामुळे ओळखीचा डॉक्टर आणि अखंड नोंद हातून निसटण्याचा धोका निर्माण झाला.

४. टस्कीगी आणि व्हिएतनामनंतरची चर्चामंडळे ही उदाहरणे दर्शवितात, की विश्वासाची मागणी प्रथम सैनिकांनीच केली आणि व्यवस्थेने ती नंतर मान्य केली.

सारांश, गुणवत्ता, सातत्य आणि निवड या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय चांगला डॉक्टर मिळाला असे म्हणता येत नाही. कायदा डॉक्टर नेमून देऊ शकतो; त्या डॉक्टरला सैनिकाचा डॉक्टर बनवण्याचे काम मात्र दोघांना मिळून, अनेक भेटींतून करावे लागते. ज्या व्यवस्थेत अशा भेटींना अवसर मिळतो, तीच सैनिकाचे ऋण खऱ्या अर्थाने फेडते.