सहा गुण आणि मनातले वाक्य

समजा, देवरी तालुक्यातील एका शाळेत नववीतल्या मुलीला गणिताच्या चाचणीत २० पैकी ६ गुण मिळाले. घरी जाताना तिच्या मनात येते, 'मला गणित कधीच जमणार नाही. मी कशाच्याच कामाची नाही.' दुसऱ्या दिवशी तिचे पोट दुखते व ती शाळेत येत नाही. तिच्या शेजारणीलाही सहाच गुण आहेत. ती थोडा वेळ हिरमुसते आणि पुन्हा वही उघडते. घटना एकच, मग परिणाम वेगळे का?

घटना आणि तिच्याविषयीचे आपले मत यांतील हा भेद सुमारे १९०० वर्षांपूर्वी एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने सांगितला होता. तो उपचारात आणला न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी, १९५५ साली. घटना, तिच्याविषयीचा दृष्टिकोन आणि परिणाम अशी त्यांची साखळी होती. मधला दुवा बदलता येतो, हे त्यांचे म्हणणे.

फिलाडेल्फियाचे एरन बेक यांची कथा विज्ञानाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. खिन्नतेचे मूळ स्वतःवर उलटलेल्या रागात आहे, हे फ्रॉइडचे मत सिद्ध करण्यासाठी त्यांनी रुग्णांची स्वप्ने तपासली. सापडला राग नव्हे, तर पराभव आणि हानी! बेक यांनी पुरावा मानला, सिद्धान्त सोडला आणि १९६० च्या दशकात विचारांवर आधारलेली नवी उपचारपद्धती घडवली.

महाराष्ट्रात एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती रुजवण्याचे श्रेय मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांना जाते. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली ठाण्यात सुरू केलेल्या संस्थेनेही हा विचार शाळा-पालकांपर्यंत नेला.

मुलींचाच वेगळा विचार का? बालपणी खिन्नतेचे प्रमाण मुलामुलींत जवळजवळ सारखे असते. किशोरवयात मात्र ते मुलींमध्ये सुमारे दुप्पट होते. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी १९८० च्या दशकापासून एक कारण अभ्यासले : गुरे रवंथ करतात तसे दुःख मनात घोळवत राहणे. ही सवय मुलींत अधिक आढळली. शरीरातील बदल, घरकामाचा भार, लग्नाची बोलणी, रस्त्यावरची छेडछाड यांचाही वाटा असतोच.

म्हणूनच आम्हाला एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. वाटेत कोणी त्रास देत असेल, तर मुलीचा विचार चुकीचा नाही; तेथे घटनाच बदलायला हवी. 'सकारात्मक विचार कर' हा उपदेशही उपयोगाचा नाही. त्याऐवजी विचारावे : 'कधीच नाही' याला पुरावा काय? मैत्रिणीला सहा गुण मिळाले असते, तर तिला तू काय म्हणाली असतीस? पुढच्या आठवड्यात कोणती दोन गणिते करून पाहूया?

मात्र उदासी दोन आठवडे टिकली, किंवा मुलगी मरणाची भाषा बोलू लागली, तर थांबू नये. एकेकाळी या भागात मनाचा आजार म्हणजे नागपूरचे मनोरुग्णालय, एवढेच लोकांना ठाऊक होते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर जरूर लावावा.