लायकोपोडियम सर्न्युअम : एका वनस्पतीच्या तीन नावांचा इतिहास

उष्ण कटिबंधातील ओलसर दरडींवर वाढणाऱ्या या क्लबमॉसचे वंशनाम दोनदा बदलले. 'नाते कशावरून ठरवावे' या प्रश्नाचे उत्तर बदलल्याने हे घडले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

लिनीयसने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात तिला लायकोपोडियम सर्न्युअम हे नाव दिले. 'सर्न्युअस' म्हणजे झुकलेला. तिचे शंकू खाली लोंबतात. बाह्यरूपावर भिस्त असल्याने वाहिन्या असलेली ही वनस्पती त्याने मॉसमध्ये घातली!

खरी कलाटणी जावात मिळाली. बोगोर येथे मेल्खियोर ट्रॉइब यांनी १८८४ मध्ये तिच्या प्रोथॅलसचे वर्णन केले. तो हिरवा असून मातीच्या पृष्ठभागी वाढतो. लायकोपोडियम क्लॅव्हेटमचा प्रोथॅलस मात्र भूमिगत, हरितद्रव्यहीन व कवकावलंबी असतो. एवढा भेद एका वंशात मावणे कठीण होते. तरीही जुने नाव आणखी सुमारे ऐंशी वर्षे टिकले.

होलुब यांनी १९६४ मध्ये लायकोपोडिएला हा वंश स्थापिला. १९६७ मध्ये वास्कोंसेलोस व फ्रँको यांनी ही जाती पाल्हिन्हिया या नव्या वंशात नेली, तर १९६८ मध्ये पिची-सेर्मोली यांनी ती लायकोपोडिएलात ठेवली. नेचाभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ मध्ये पाल्हिन्हिया स्वीकारला. काही ग्रंथांत मात्र लायकोपोडिएलाच आढळते.

आपल्या पाठ्यपुस्तकांत सर्न्युअम व क्लॅव्हेटम यांचे प्रोथॅलस 'लायकोपोडियमचे प्रकार' म्हणून शेजारीशेजारी छापलेले असतात. ज्या भेदाने वंश विभागला, तोच तेथे एका वंशातील वैविध्य म्हणून शिकविला जातो.